दाराला आतून कडी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, श्रोत्यांचा प्रतिसाद कंसात.)



पत्रिकेत माझा विषय 'पुरुषांचे आरोग्य : काही विचार' असा छापला आहे. कार्यवाहांनी फोन करून विचारलं होतं, "डॉक्टर, नेमकं कशावर बोलणार?" मी म्हटलं, "शीघ्रपतनावर." पलीकडून बराच वेळ आवाज नाही. (हशा) मग म्हणाले, "पत्रिका घरोघरी जाते हो!" (मोठा हशा) त्यांची अडचण मला पटली. पण आता पत्रिकाही पोचली आहे आणि तुम्हीही पोचला आहात. उजव्या बाजूला भगिनी बसल्या आहेत, आणि त्यांतली एकही अजून उठून गेलेली नाही, याचा मला फार आनंद आहे. (टाळ्या) तेव्हा विषय सरळ मांडतो. संभोगात पुरुषाला स्वतःवर ताबा हवासा वाटतो. तो शिकता येतो का? येत असेल तर कसा? आणि शिकायला काय लागतं?

शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा तासभर मी कुठे निघालो आहे ते तुम्हांला कळेल. शिकायला दाराला आतून लागणारी कडी लागते. गोळी, तेल, लेप, भस्म यांचा नंबर नंतरचा. कुणी दार वाजवणार नाही अशी खोली, कुणी हाक मारणार नाही असा तास, आणि बोलायला न लाजणारी दोन माणसं. हे मिळालं तर माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पुरुषांना माझी गरज उरणार नाही.

कार्यकर्ते एक डबा फिरवतील. चिठ्ठीवर प्रश्न लिहा, नाव लिहू नका.

या विषयावर महाराष्ट्रात बोलायचं तर र. धों. कर्व्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि कर्वे तुम्हांला ठाऊक आहेत. १९२१चं संततिनियमन केंद्र, १९२७ला सुरू झालेलं 'समाजस्वास्थ्य', १९५३ साली जाईपर्यंत एकहाती चालवलेलं ते मासिक, गेलेली प्राध्यापकी, खटले, दंड. वाचलं नसेल त्यांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट पाहिला असेल. मी पुढे जातो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. १९३४च्या ज्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तो खटला वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता. लोकांनी खासगी शंका विचारल्या, कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली, आणि सरकारला ती अश्लील वाटली. आज नव्वद वर्षं होऊन गेली. माझ्याकडे येणारा माणूस अजूनही आधी सर्दीची तक्रार सांगतो. औषध लिहून घेतो, पैसे देतो, उठतो, दारापर्यंत जातो, आणि मग वळून म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." (हशा) सर्दी त्याला नसतेच.

आता त्याचा पहिला प्रश्न. "किती वेळ टिकायला पाहिजे?" त्याच्या डोक्यात अर्धा तास असतो, कधी तासभर. हा आकडा मित्रांच्या बढायांतून आणि मोबाइलवरच्या फिल्मांतून आलेला असतो. त्या फिल्मांत तुकडे जोडलेले असतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. २००५ साली मार्सेल वाल्डिंगर या डच मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांना त्यांनी स्टॉपवॉच दिलं. (हशा) हसा, हसा. पण त्या जोडप्यांनी चार आठवडे प्रामाणिकपणे बटण दाबलं. मध्यक निघाला ५.४ मिनिटं. म्हणजे निम्मे पुरुष त्याच्या आत, निम्मे त्याच्या पुढे. सगळ्यांत कमी वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास, सगळ्यांत जास्त ४४ मिनिटं. २००८मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या लैंगिक समुपदेशकांना विचारलं गेलं की तुमच्या मते किती वेळ पुरेसा. त्यांचं म्हणणं होतं, ३ ते ७ मिनिटं पुरेशी, ७ ते १३ छान. इथे बसलेल्या कितीतरी जणांचे खांदे आत्ता खाली आलेले मला दिसले. (मोठा हशा, टाळ्या)

मग आजार कशाला म्हणायचं? लैंगिक वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४मध्ये व्याख्या ठरवली. पहिल्या अनुभवापासून जवळजवळ नेहमी मिनिटभराच्या आत वीर्यस्खलन होणं, किंवा आधी ठीक असताना नंतर वेळ घटून तीन मिनिटांच्या आसपास किंवा त्याच्याही आत येणं. त्याबरोबर लांबवण्याची क्षमता नसणं. आणि त्याचा मनाला त्रास होणं. तिन्ही गोष्टी असल्या तर आजार. दोघंही चार मिनिटांत समाधानी असतील तर डॉक्टरने त्या खोलीत डोकावू नये.

भगिनींसाठी एक गोष्ट, आणि ती पुरुषांनीही ऐकावी. बहुतेक स्त्रियांना नुसत्या संभोगातून परमोच्च सुख मिळत नाही. त्यासाठी हाताचा, स्पर्शाचा, वेळाचा वाटा लागतो. म्हणून बायकोला सुख देण्यासाठी मिनिटं वाढवायला निघालेला नवरा पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी मेहनत करत असतो. आपल्या बायकोला काय आवडतं हे त्याने तिलाच विचारावं, माझ्या दवाखान्यात येऊन नव्हे. (भगिनींकडून टाळ्या)

शरीरात काय होतं ते थोडक्यात. स्खलन दोन पायऱ्यांत होतं. पहिल्या पायरीत शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी आपापला द्रव मूत्रनलिकेच्या मागच्या भागात ओततात. त्या क्षणी पुरुषाला कळतं, आता झालं. दुसऱ्या पायरीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ठेक्यात आकुंचन पावतात आणि वीर्य बाहेर येतं. पहिली पायरी सुरू झाली की दुसरी थांबत नाही. तिथे जगातल्या कुठल्याच पुरुषाचा ताबा चालत नाही. ज्याला आपण ताबा म्हणतो तो सगळा त्या क्षणाच्या आधीचा असतो.

खंबाटकी घाट उतरणारा एसटीचा जुना चालक पाहिलाय तुम्ही? उतार लागायच्या आधी, माथ्यावरच तो गिअर खाली घेतो. अर्ध्या उतारावर, वेग वाढल्यावर जो ब्रेकवर उभा राहतो त्याचे ब्रेक तापतात आणि मग गाडी ऐकत नाही. आपले पुरुष नेमके अर्ध्या उतारावर ब्रेक दाबतात. मांड्या आवळतात, नितंब आवळतात, श्वास कोंडतात, आणि मनात सत्तावीसचा पाढा म्हणतात. (प्रचंड हशा) आवळलेले स्नायू स्खलन लवकर आणतात. आणि पाढे म्हणणाऱ्याचं लक्ष जिथे असायला हवं तिथून नेमकं उडालेलं असतं. आपण चढणीवर कुठवर आलो हेच त्याला कळत नाही, आणि एकदम कडा येतो.

धातूबद्दल एकच मिनिट, कारण ते तुम्ही आजीकडून ऐकलेलं आहे. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वगैरे. वीर्य दोन ते पाच मिलिलिटर असतं, त्यातला बहुतेक भाग शुक्राशयाचा आणि प्रोस्टेटचा द्रव असतो, शरीर तो पुन्हा तयार करतं. त्यामुळे रक्त आटत नाही, पाठीचा कणा झिजत नाही. ही भीती आपल्या भागात इतकी खोल आहे की १९६०मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी तिला 'धात सिंड्रोम' असं वैद्यकीय नाव दिलं. या भीतीवर रेल्वे स्टेशनांजवळचे भोंदू वैद्यांचे तंबू उभे राहतात. १९५४चा औषधे आणि जादुटोणाविषयक उपायांचा कायदा संभोगसुखाची क्षमता वाढवण्याच्या औषधांची जाहिरातच करू देत नाही. औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात लिहिलेलं आहे की शीघ्रपतन बरं करण्याचा दावा औषधावर करता येणार नाही. आणि आपल्या एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर काय लिहिलेलं आहे, ते तुम्ही रोज वाचता. (हशा)

आता एक हकीकत. दोन मिनिटांत सांगतो.

माझा दवाखाना तेव्हा लालबागला होता. १९८२चा गिरणी संप होऊन गेला होता, गिरण्या एकेक करून थंडावत होत्या. गिरणी सुटल्यावर भायखळ्याच्या भाजीबाजारात कामाला लागलेला एक माणूस माझ्याकडे यायचा. ओळख लागेल असं काही सांगत नाही. तो पहाटे तीनला उठायचा आणि दुपारी घरी परतायचा. सर्दीनेच आला होता, दारातूनच वळला. त्याचं म्हणणं, "सुरू होण्याआधीच संपतं." फंडाचे हातात आलेले पैसे त्याने एका तंबूवाल्याला दिले होते. आयुष्यभर गिरणीत गाळलेल्या घामाचे ते पैसे होते. बदल्यात त्याला काळी पूड मिळाली होती आणि वर ऐकून घ्यायला मिळालं होतं की तुझी नस मेली आहे.

मी त्याला तपासलं. नस वगैरे काही मेलेलं नव्हतं. थांबून थांबून करायचा सराव समजावला. तो सराव काय असतो ते पुढे सांगतो. पंधरा दिवसांनी आला आणि मला म्हणाला, "डॉक्टर, थांबायला सांगता ते बरोबर. पण थांबलं की चाहूल लागते, परत सुरू केलं की परत चाहूल. त्यापेक्षा एकदाच उरकलेलं बरं."

मी त्याला खोलीचं चित्र काढायला लावलं. दहा बाय बारा. मोरीपाशी आई, तिला खोकला. मधे दोन मुलं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जुन्या लुगड्याचा पडदा, पडद्यामागे हे दोघं. धाकटा भाऊ आणि गावाकडचा पुतण्या बाहेर गॅलरीत, डोक्याशी उघडी खिडकी. सात माणसं. आणि मला कळलं की या माणसाच्या शरीराने काही बिघडवलेलं नव्हतं. त्या खोलीत घाई हेच शहाणपण होतं. त्याचं शरीर चौदा-पंधरा वर्षांचं असल्यापासून तेच शिकत आलं होतं, मजल्यावरच्या सामाईक संडासात, बाहेर बादली घेऊन उभा असलेला माणूस दार ठोठावत असताना. लवकर, आवाज न करता, कुणाला कळायच्या आत. हा धडा त्याने उत्तम गिरवला होता.

आता पुढचं ऐका. त्याची आई आली माझ्याकडे, गुडघे दुखतात म्हणून. गुडघे खरंच दुखत होते. औषध घेतलं आणि बसून राहिली. मग म्हणाली, "रविवारी दुपारी मी नातवंडांना राणीच्या बागेत नेते. धाकट्याला आणि पुतण्याला मॅचला पाठवते. सुनेला जरा पडायला मिळेल. पण दार लावायला ती लाजते. तुम्ही सांगा तिला." बस्स. याच्यापुढे त्या बाईने एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. (शांतता) चाळीत राहिलेल्यांना ठाऊक आहे, दिवसा दार लावणं सोपं नसतं. बंद दार दिसलं की शेजारीण विचारायला येते, कोण आजारी आहे? तर या बाईने मजल्यावर आधीच सांगून ठेवलं, "पोरगा पहाटे तीनला उठतो, रविवारी दुपारी त्याला झोपू द्या." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी लालबागहून भायखळ्याला दोन मुलांना घेऊन जायची, हत्ती दाखवायची, दिवेलागणीला परतायची. दर रविवारी. (टाळ्या)

काही महिन्यांनी सून मुलाच्या डोसासाठी आली. मी इतकंच विचारलं, बरं आहे ना? ती म्हणाली, "आता आम्ही मधेच हसतोसुद्धा, डॉक्टर." किती मिनिटं होतात ते मी विचारलं नाही. मला माझं उत्तर मिळालं होतं.

तेव्हापासून मी रुग्णाला वय विचारतो, मधुमेह विचारतो आणि खोली विचारतो. मराठी माणसाच्या संसाराचा इतिहास त्या एका प्रश्नातून उलगडतो. १९२१च्या जनगणनेत मुंबईत दर दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. कोकणातले, साताऱ्याकडचे गिरणी कामगार एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, बायका गावी. शिमग्याला, गणपतीला पंधरा दिवसांची रजा. गावच्या घरात माजघरात बायका, ओसरीवर पुरुष, आणि त्या पंधरा दिवसांत नवरा-बायकोची भेट कुठे, तर गोठ्यामागे, काळोखात, उभ्या उभ्या. आजही वांद्र्याच्या बँडस्टँडवर छत्री आडवी धरून बसलेली जी जोडपी तुम्हांला खटकतात, त्यांत कितीतरी नवरा-बायको असतात. २०१५मध्ये पोलिसांनी मढ-आक्साच्या हॉटेलांवर छापे घातले आणि खोल्यांत राजीखुशीने आलेल्या सज्ञान जोडप्यांना बाहेर काढून चौकीत नेलं. पैसे मोजून मिळवलेली कडीसुद्धा आपण त्यांच्याकडे राहू दिली नाही.

तुम्ही म्हणाल, आता आमच्याकडे फ्लॅट आहेत. आहेत ना. बेडरूम आहे, दार आहे, कडीही आहे. पण लग्न होऊन सहा महिने झालेल्या मुलाने रात्री साडेनऊला ती कडी लावली तर बाहेर सोफ्यावर बसलेल्या आपला चेहरा कसा होतो? आठ-दहा वर्षांचं मूल आईबापांच्या मधे झोपतं, आणि ते आपल्याला प्रेमाचं वाटतं. सकाळी सहाला आपण दार वाजवून विचारतो, दूध कुठे ठेवलंय? (हशा) जागा मिळाली, पण सवड द्यायला आपण शिकलो नाही.

ही चिठ्ठी... अध्यक्षांची आहे. वीस मिनिटं उरली आहेत म्हणतात. दोन मिनिटांची हकीकत होती ती. (हशा)

मागच्या रांगेत डॉक्टर मंडळी बसली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरचा आक्षेप मला इथून वाचता येतो. म्हणून उत्तर देऊन टाकतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७०च्या ग्रंथात घाईघाईत झालेल्या पहिल्या अनुभवांना बराच दोष दिला. नंतर वाल्डिंगरसारख्यांनी दाखवलं की आयुष्यभराचं शीघ्रपतन पुष्कळ अंशी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या कारभाराशी जोडलेलं आहे. मान्य. पहिल्या दिवसापासून ज्याचं तीस-चाळीस सेकंदांत होतं त्याला केवळ खोली देऊन पुरणार नाही, औषध लागू शकतं, आणि त्यात कमीपणा नाही. पण त्याच वाल्डिंगरने आणखी एक गट सांगितला आहे, ज्यांची वेळ अगदी सर्वसाधारण असते आणि तरी ज्यांना आपण अपुरे वाटतो. आणि दुसरा गट, ज्यांना कधी कधी लवकर होतं, कधी नाही. माझा अनुभव सांगतो की दारातून वळणाऱ्यांत हेच पुष्कळ असतात. शिवाय औषध घेणाऱ्यालाही सराव करावा लागतो, आणि सरावाला जागा लागते. गोळी दिली आणि कडी दिली नाही, तर गोळी बंद केल्यावर तो पुन्हा लुगड्याच्या पडद्यामागेच असतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार, तुम्हांला कंटाळा आला तरी. (टाळ्या)

आता सराव. लिहून घ्यायचं असेल तर घ्या, मी हळू बोलतो.

१९५६मध्ये जेम्स सीमन्स या अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञाने ही पद्धत मांडली, पुढे हेलन सिंगर कॅप्लान यांनी ती घासूनपुसून नीट केली. पहिली पायरी एकट्याने. उत्तेजनेला मनात एक ते दहा असे गुण द्यायचे. नऊ म्हणजे कडा. हाताने उत्तेजित व्हा, सातवर आलात की हात थांबवा. आवळू नका, सैल सोडा. श्वास आत घेतलात त्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त वेळ घ्या. चार-पाचवर उतरलात की पुन्हा सुरू करा. तीनदा थांबा, चौथ्यांदा होऊ द्या. सगळं मिळून पंधरा मिनिटं. घड्याळाशी स्पर्धा नाही, सात ओळखायला शिकायचं आहे. पहिल्या काही वेळा तुम्ही सातला चार समजाल. शिकणं म्हणतात ते हेच.

दुसरी पायरी तेच, पण हाताला तेल किंवा जेल लावून, कारण त्याने स्पर्श खऱ्याच्या जवळ जातो. तिसरी पायरी बायकोच्या हाताने. इथे तुम्हांला तोंड उघडावं लागतं. 'थांब' एवढं म्हणावं लागतं. माझ्या दवाखान्यात पुरुषांना सगळ्यांत जड हा शब्द जातो. चौथी पायरी संभोग, पण प्रवेश करून नुसतं स्थिर राहायचं. पाचवी, बायको वर, हालचाल तिची, सावकाश, आणि थांबण्याची खूण तुमची. प्रत्येक पायरीला आठवडा-दोन आठवडे द्या. मधे एखाद्या दिवशी लवकर झालं तर तो दिवस सोडून द्या आणि पुढच्या वेळी मागच्या पायरीवरून सुरू करा. आणि ज्या दिवशी तुमचं आधी होईल त्या दिवशी कूस बदलून झोपू नका. तिचं राहिलेलं असतं, तुमचे हात शाबूत असतात. (हशा, भगिनींकडून टाळ्या)

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. अर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये तो बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी सांगितला; पुरुषांनाही लागू पडतो. चारचौघांत बसलेले असताना वायू अडवायला जे आवळता (हशा) तेच स्नायू. पाच सेकंद आवळा, दहा सेकंद पूर्ण सैल सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयुष्यभर शीघ्रपतन असलेल्या ४० पुरुषांना असे व्यायाम उपकरणांच्या मदतीने १२ आठवडे दिले, त्यांतल्या ३३ जणांना ताबा आला. छोटा अभ्यास आहे, तुलनेचा गट नव्हता, पण खर्च नाही आणि अपाय नाही. आवळण्याइतकंच सैल सोडणं शिका. ज्याचे स्नायू आधीच कायम आवळलेले असतात त्याला सैल सोडणंच जास्त उपयोगी पडतं.

औषधं भरभर सांगतो. डॅपॉक्सेटिन, गरजेपुरती, एक ते तीन तास आधी, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. दारूबरोबर घेतलीत तर भोवळ येऊन पडाल. नैराश्यावरची काही औषधं वेळ वाढवतात, तीही स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत. बधिर करणारे स्प्रे थोडेच वापरा आणि प्रवेशापूर्वी पुसा किंवा निरोध वापरा, नाहीतर बायकोलाही बधिरता येते. आधी सगळं ठीक असून आता अचानक लवकर होऊ लागलं असेल तर थायरॉइड, प्रोस्टेटची सूज तपासून घ्या. आणि ताठरपणा कमी होतोय म्हणून कुणी घाई करत असेल तर त्याने मधुमेह आणि हृदय तपासावं. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, त्या आधी तक्रार करतात. ती तक्रार कानामागे टाकू नका.

डबा आला. पुष्कळ चिठ्ठ्या आहेत. किती? नको, मोजत बसत नाही. वाचतो.

'हस्तमैथुनाने शीघ्रपतन होतं का?' नाही. घाईने, दचकत केलेल्या हस्तमैथुनाने घाईची सवय लागू शकते. त्याचाच सराव म्हणून उपयोग कसा करायचा ते आत्ता सांगितलं.

'मुलाचं लग्न आहे, वडिलांनी काय सांगावं?' काही सांगू नका, सुहागरातीच्या शाबासक्याही देऊ नका. पहिल्या काही रात्री पुष्कळांचं लवकर होतं, ते आपोआप सावरतं. तुम्ही एवढंच करा: वन बीएचके असेल तर दोघांची खोली बदला, तुम्ही हॉलमध्ये झोपा. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ देवळात, नाटकाला, कुठेही जा, आणि लवकर परतू नका. (टाळ्या)

'नवरा डॉक्टरकडे यायला तयार नाही.' बाईंचं अक्षर आहे. त्यांना 'तुम्हांला काहीतरी झालंय' असं म्हणू नका. 'मला आपल्या दोघांसाठी अजून वेळ हवाय' असं म्हणा. ते खरंही आहे. आणि तरीही तयार नसतील तर तुम्ही एकट्या या. मी तुमच्याशी बोलेन.

'दारू घेतली की जास्त वेळ टिकतं.' थोडी घेतली तर काहींना तसं वाटतं. रोज घेतली की ताठरपणा जातो. हा सौदा करू नका.

घंटा झाली. ऐकू आली मला. कार्यवाह, एक चिठ्ठी उरली आहे, ती वाचल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. यात लिहिलंय, 'मला छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट चालू आहे. मित्राने ताठरपणासाठी निळी गोळी आणून दिली आहे. अर्धी घेतली तर चालेल का?'

अर्धी नाही, पावही नाही. सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध चालू असताना सिल्डेनाफिल, म्हणजे ती निळी गोळी, घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. हे गृहस्थ आत्ता या सभागृहात बसलेले आहेत. ती गोळी आज खिशात असेल तर घरी जायच्या आधी फेकून द्या. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मला हीसुद्धा तक्रार आहे. त्यावर दुसरे उपाय आहेत, ते तुमचं हृदय पाहून ठरवता येतात. आणि मित्राला विचारण्याआधी बायकोला विचारा. ती गोळी तुम्ही तिच्यापासून लपवून ठेवली असणार. रात्री तुम्हांला काही झालं असतं, तर कशाने झालं हे डॉक्टरांना सांगायला त्या घरात कुणाला काही माहीत नसतं.

मी खाली जिन्यापाशी थांबतो आहे. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी या, सर्दीचं कारण लागणार नाही. (हशा, प्रदीर्घ टाळ्या)